कोयत्याला दोन माणसं

२३ सप्टेंबर १९७३, रविवार. घट बसायच्या आत शाळेचा दसरा काढून टाकावा म्हणून आज मागची खोली उपसली. मोडकी बाकं निघाली, एक तिपाई फळा निघाला, त्याला दोनच पाय. सगळ्यात खाली गोणपाटात गुंडाळलेला एक नारिंगी परदेशी तंबू होता. तो झटकायला अंगणात आणला आणि कानात ओळखीचं वाक्य आलं.

“बाई, डोळ्यांनी नका वाचू. तोंडानं वाचा.”

हे वाक्य आमच्या शाळेच्या शिपाईणीचं. सगळी शाळा तिला मावशी म्हणायची, मीही म्हणायचे. नाव हजेरीपटावर होतं, ते तिथंच बरं. घंटा देणं, पाणी भरणं, वर्ग झाडणं ही तिची कामं. आणि महिन्यातून दोनदा मधल्या सुट्टीत जर्मनीहून आलेलं निळं पत्र माझ्यासमोर धरून उभं राहणं हेही एक. पत्र आधी कपाळाला लावायची, मग नाकाला. वास घेऊन म्हणायची, “सूनबाईनं लिवलंय. पोराच्या पत्राला तेलाचा वास येतो.” विमानातून आलेल्या कागदाला कसला वास येणार? पण दर वेळी तिचं बरोबर निघायचं.

मला पत्र आधी मनात वाचायची खोड. ती तिला खपत नसे. डोळ्यांनी वाचणारं माणूस मधलं काहीतरी गाळतं, असं तिचं म्हणणं होतं. खोटं नव्हतं. मी मराठी शाळेची शिक्षिका, शुद्धलेखनाच्या चुका तरी गाळायचेच.

पाथर्डीकडच्या वाचकांना कोयता म्हणजे काय हे सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. दसरा झाला की आमच्या भागातली माणसं साखर कारखान्यांवर ऊस तोडायला जातात. नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. आणि उसाच्या फडाजवळ पाचटाची, म्हणजे उसाच्या वाळक्या पानांची, जी झोपडी उभी करून चार-पाच महिने राहायचं, ती कोपी. मावशीचा मुलगा अशाच एका कोपीत जन्मला. तो चार वर्षांचा असताना नवरा गेला. एकट्या बाईचा कोयता होत नाही. ती शाळेत झाडायला लागली आणि तिनं एकच गोष्ट ठरवली, पोराच्या डोक्यावर पुन्हा पाचट नको. मुलाला मी दोन वर्षं शिकवलं. गणित चांगलं होतं, अक्षर वाईट. पुढे तो पुण्याला शिकून इंजिनियर झाला, नगरच्या एका कारकुनाच्या मुलीशी लग्न केलं आणि सत्तर साली दोघं जर्मनीला गेली. मावशी गावभर सांगायची, “आमचा कोयता जर्मनीला गेलाय.”

सूनबाई पत्रं झकास लिहायची. घराच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या, खाली घरमालकीण. रविवारी कपडे धुतलेले तिला चालत नाहीत, दोरीवर तर नाहीच नाही. पहिल्यांदा आमटीला फोडणी दिली तेव्हा म्हातारी आग लागली म्हणून पाण्याची बादली घेऊन वर आली.

“मोहरी ताजी असंल,” मावशी म्हणाली.

जिना झाडायची पाळी भाडेकरूंमध्ये आठवड्याआठवड्यानं फिरते, हे वाचलं तेव्हा तिनं मला थांबवलं. “म्हंजी इंजिनेराची बायकू जिना झाडती?”

“हो. आणि ती बाहेर गेली तर इंजिनेर झाडतो.”

“मग ह्यो नोकरी सोड म्हनून मला का लिवतो? लिवा त्याला. तू तुझा जिना झाड, मी माझा वर्ग झाडते.”

मी लिहिलं. तिच्या उत्तरात मी काही गाळत नसे.

एकाहत्तरच्या सुरुवातीला मुलानं लिहिलं की आई, आता तू इकडेच ये, कायमची. मावशी तयार झाली. तयार कसली, उतावीळ झाली. नगरला जाऊन फोटो काढला. फोटोवाला हसा म्हणाला तर त्यालाच झापलं, “सरकारी कागदावर हसत्यात व्हय?” अर्ज मी भरला, अंगठा तिनं उठवला. मुंबईहून पासपोर्ट आला तो डाळीच्या डब्यात ठेवला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला डाळ झटकून दाखवला. दसऱ्यानंतर निघायचं ठरलं. तिच्या जागी मी दुसरी बाईही बघून ठेवली.

ऑगस्टात पत्र आलं. पाकीट होतं, आत रंगीत फोटो. दोघं उन्हाळ्याच्या सुट्टीला गेली होती. तीन आठवडे सुट्टी आणि तिचा पगारही मिळतो, यावर मावशीचा आधीच विश्वास नव्हता. “काम न करता पगार म्हंजी कुनाची तरी गफलत हाय.” फोटोत तळ्याकाठी हा नारिंगी तंबू, पुढं जमिनीवर स्टोव्ह, स्टोव्हवर पातेलं. सूनबाई विजार घालून उकिडवी बसलेली, मुलगा बनियनवर. दोघं दात काढून हसत होती.

मावशीनं फोटो बराच वेळ पाहिला. मग म्हणाली, “कोपी हाय.”

“तंबू आहे, मावशी. मजेसाठी राहतात त्यात.”

“मौजेनं कोन कोपीत ऱ्हातं, बाई? तुमी ऱ्हाशाल?”

माझी सुट्टी म्हणजे पारनेरला माहेरी दोन दिवस, तेही भुईमूग निवडण्यात. मला उदाहरण देता येईना.

“मुकादम कोन हाय त्यांचा?”

“मुकादम नाही. आपखुशीनं जातात.”

“सगळेच आपखुशीनं जात्यात,” ती म्हणाली आणि पत्र लिहायला बसवलं. काय लिहिलं ते मला अजून पाठ आहे. कोपीचं तोंड वाऱ्याकडं करू नये. पिठाचा डबा वर टांगावा. आणि सगळ्यात आधी भोवतीनं वीतभर खोल चर खणावा, पाऊस असो नसो. शेवटी सांगितलं, “लिवा, मी येत न्हाई. कोपीतच ऱ्हायचं तर जर्मनीला कशाला? कोप्या हितं काय कमी हायेत?”

मी लेखणी खाली ठेवली. “मावशी, हे मी लिहिणार नाही.”

“मग पोस्टमास्तर लिवतील. त्यांचं अक्षर तुमच्यापरीस बरं हाय.”

मी लिहिलं.

पुढचं दीड वर्ष त्या एका फोटोच्या खुलाशात गेलं. मुलगा घाबरला. त्यानं घराचे फोटो पाठवले. जिना, कपाट, उघडलेलं कपाट, कपाटातले कपडे. “फोटूतलं घर कुनाचं बी असंल,” मावशी म्हणायची. मी बावीस वर्षं पोरांच्या डोक्यात दशांश अपूर्णांक घातले, पण हिच्या डोक्यात सुट्टी घालता आली नाही. गावात थट्टा सुरू झाली. पोरगा शिकून साहेब झाला नि कोपीतच गेला, असं पाणवठ्यावर बाया म्हणायच्या. मावशी उलट उत्तर देत नसे. शाळेत कुणी वावगा शब्द काढला तर तिथंच झापणारी ही बाई, आणि गावाचे टोमणे निमूट ऐकून घेत होती. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. तुम्हाला एव्हाना आली असेल.

बहात्तरच्या सुट्टीनंतर सूनबाईचं एक पत्र आलं. यंदा पुन्हा तंबू नेला. तुम्ही सांगितलं म्हणून भोवती चर खणला. शेजारचे लोक हसले. चौथ्या दिवशी दुपारी ढगफुटीसारखा पाऊस झाला. सगळे तंबू तरंगायला लागले, आमचा तेवढा कोरडा. हसणारी जर्मन जोडपी आमच्यात येऊन चहा प्यायली. हे पत्र मला तिनं तीनदा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा वाचताना तोंडाला पदर लावून इतकी हसली की घंटा द्यायची राहून गेली. मधली सुट्टी दहा मिनिटं लांबली.

यंदाच्या जानेवारीत दोघं आईला न्यायला आली, तंबू घेऊनच. दुष्काळ होता. अर्धी शाळा आईबापांबरोबर खडी फोडायच्या कामावर, त्यामुळे अंगण मोकळंच होतं. मुलानं तिथं तंबू उभा केला. “बघ आई. कापड आहे. घडी होते. सुट्टी संपली की पिशवीत.”

मावशी वाकून आत गेली. मांडी घालून बसली, कापड चाचपलं, बाहेर आली. “बेस हाय.”

मुलाचा चेहरा उजळला. “मग? येतेस ना?”

“बेस हाय, पन कोपीच हाय.”

तो चिडला, रडकुंडीला आला, दोन दिवस जेवला नाही. सूनबाईनं हात जोडले. मावशी हलली नाही. तीन आठवड्यांनी आम्ही दोघी त्यांना एस.टी. स्टँडवर पोचवायला गेलो. गाडीत चढताना मुलगा मला म्हणाला, “बाई, तुम्ही तरी तिला नीट समजावून सांगायचं होतं.” मला ते लागलं. गाडी गेल्यावर सगळा राग मी मावशीवर काढला. म्हटलं, एवढी कशी अडाणी तुम्ही?

ती चालता चालता थांबली. “अडानी हाय, येडी न्हाई. मौजेचं हाय ते मला फोटू बघितला तवाच कळलं.”

“कसं?”

“हसत्यात कशी बघा की. राबून आलेलं मानूस कोपीपुढं असं हसत न्हाई.”

“मग हे काय चालवलं होतंत दीड वर्षं?”

तिनं चपलेतला खडा काढला. “माझ्या कोपीत सासू हुती, बाई. लई चांगली बाई. आमच्या दोगांच्या मधी निजायची. पाच हंगाम. धन्यासंगं चार सबूद बोलायचे तर उसाच्या सरीत, तोडता तोडता. मग त्यो गेलाच.” खडा टाकून ती पुढं चालू लागली. “कोयत्याला दोनच मानसं असत्यात. मी गेले तर हसायची थांबतील. माझ्या म्होरं हसतील व्हय अशी? इजार घालून?”

“हे त्यांना सरळ सांगायचं.”

“सांगितलं तर म्हनतील, न्हाई आई, लई जागा हाय, ये. आन मग मी जाईन. मला जायचंच हाय ना!” एवढं एकच वाक्य ती मोठ्यानं बोलली. मग नेहमीच्या आवाजात, “येडी म्हनून ऱ्हायले तर कुनाला राग येत न्हाई. तुमी लिवू नका त्यांना. शप्पत हाय.”

मी शपथा मानत नाही. पण हो म्हटलं.

तंबू मुलगा मुद्दाम ठेवून गेला होता, आईला सवय व्हावी म्हणून. मावशीनं तो दुसऱ्याच आठवड्यात खडीच्या कामावर नेला. मेपर्यंत कामावरच्या बायांची तान्ही लेकरं त्या नारिंगी सावलीत निजली. भोवती चर होता. त्या वर्षी पावसाचा टिपूस नव्हता, तरी होता.

जूनमध्ये शाळा उघडली आणि पहिल्याच आठवड्यात मावशी गेली. तीन दिवसांचा ताप. तार केली, पण मुलगा पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. पासपोर्ट डाळीच्या डब्यातच सापडला. त्यात एकही शिक्का नव्हता.

मागच्या आठवड्यात त्याचं पत्र आलं, आता माझ्या नावानं. लिहिलंय, तो फोटो पाठवला नसता तर आई आली असती. शेवटपर्यंत तिला वाटत राहिलं की आम्ही हालात आहोत. यंदा आम्ही सुट्टीला कुठंही गेलो नाही, पुढंही जाणार नाही. तंबू टाकून द्या.

तंबू टाकलेला नाही. आज धुतला, वाळवला, चार ठिकाणी टाके घातले आणि घडी करून कपाटात ठेवला.

२४ सप्टेंबर, सोमवार. सकाळी घंटा मीच दिली. नवी शिपाईण अजून मिळालेली नाही. मुलांना शुद्धलेखन घातलं, ऑफिसात येऊन कोरं निळं पत्र घेतलं आणि मावशीची शपथ मोडली. सासू, सरी, विजार, सगळं तिच्याच शब्दांत लिहिलं, चुका न सुधारता. शेवटी एक ओळ माझी घातली, की पुढच्या उन्हाळ्यात सुट्टीला जा, आणि आधी चर खणा. मग चिकटवण्याआधी, खोलीत कुणी नव्हतं तरी, ते एकदा वाचून काढलं. डोळ्यांनी नाही, तोंडानं.