तुंगारेश्वरचा तांबडा विंचू

स्वातंत्र्याला चारपाच वर्षं झाली असतील. शाळेच्या प्रदर्शनासाठी किडे गोळा करायचं हेडमास्तरांच्या डोक्यात आलं. पाय मात्र माझे आणि रोझीचे झिजले. रोझी माझ्यासारखीच शाळेत शिकवणारी बाई, वसईतल्या पाचूबंदरच्या ख्रिस्ती कोळ्यांची. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तुंगारेश्वरच्या डोंगरावर निघालो.

टांग्यानं वसई रोड स्टेशन, रूळ ओलांडून पूर्वेला, पुढं सातिवलीवरून पायी. वाटेत चहासुद्धा मिळत नसे, म्हणून भाकरी, सुकट नि सुकवलेल्या केळ्यांची सुकेळी बरोबर. चढ सोपा, पण बाही लांब हवी. तांबड्या मुंग्या फांदीवरून थेट मानेत उतरतात आणि गोचीड कुठं चिकटतात ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही. वाटेवर ताटाएवढ्या जाळ्यात पिवळ्या ठिपक्यांचा कोळी लटकत होता. रोझी किंचाळली.

"कोळ्याची पोर कोळ्याला घाबरते?"

"आमचे कोळी आठ पायांचे नसतात!"

वर महादेवाच्या देवळाजवळ दगडाखाली काळी इंगळी सापडली, विंचवांतली मोठी जात, चांगली वीतभर. मी धीटपणे ती बरणीत ढकलली. रोझीनं शेजारचा दगड उचलला. त्याखाली बोटाच्या पेराएवढा तांबडा विंचू होता. तो तिच्या हाताला चावला.

"एवढासा तर आहे," मी हसले.

थोड्याच वेळात ती घामानं भिजली, हात बर्फासारखे गार पडले, ओकाऱ्या सुरू झाल्या. माझं हसू पळालं. पुजारी विष उतरवायला मंत्र म्हणू लागला. विष मात्र चढतच होतं.

लाकडं गोळा करणारी एक बाई धावत आली. "मंतर ऱ्हाऊ दे, बाय. हिला डाक्तरकडं ने. खाली माझ्या घोवाची गाडी हाय."

दोघींनी रोझीला धरून उतरवलं. गाडी लाकडांनी गच्च भरलेली. नवऱ्यानं एकदा बायकोकडं पाहिलं आणि सगळ्या मोळ्या रस्त्याकडेला टाकल्या. दिवसाची मजुरी तिथंच पडली. गाडी हाकताना तो एवढंच म्हणाला, "तिला पानी पाजू नका, वकंल."

वसईच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "मोठ्याला घाबरता तुम्ही. जीव घेतो तो हा लहान." त्यांनी दोन दिवस तिला ठेवून घेतलं.

आठवड्यानं रोझी माझ्या घरी आली. चहा पिताना तिनं विचारलं, "घाबरली होतीस?"

"छे," मी म्हटलं.

मग पदर तोंडावर घेऊन अशी रडले की तिलाच मला गप्प करावं लागलं.