निम्मी तार, निम्मं बिल!

दुरुस्त झालेली इस्त्री गिऱ्हाईक घेऊन जातं, किस्सा मात्र माझ्याच फळीवर सोडून जातं. आता फळीवर जागा उरली न्हाय, म्हणून सांगते!

मंगळवार पेठेतलं हे विजेच्या दुरुस्तीचं दुकान आमच्या मालकांचं. नव्वदचं दशक लागलं आणि ते गेले. मी शटर उघडलं, तर धाकटे दीर बाकड्यावर येऊन बसले. "वैनी, बाईमाणसानं करंटशी खेळू न्हाय. एक चूक सापडू दे, हितं चपलांचं दुकान टाकतो!"

मी लेकीच्या विज्ञानाच्या पुस्तकातनं कायदा पाठ केला. व्होल्टेज गुणिले व्होल्टेज, भागिले तारेचा रोध, झाले वॅट! म्हणजे रोध कमी, तर वीज जास्त. इथंच भल्याभल्यांची विकेट पडते.

गिऱ्हाईक विचारायचं, "मावशी, शिकलायसा कितवी?"

"सातवी. पुढचं शॉक खाऊन!"

*

तालमीतला एक पैलवान तणतणत आला. "मावशी, दोन हीटर एकामागं एक जोडले. डबल ताकद लावली, तरी पाणी कोमट बी हुईना!"

एकामागं एक, म्हणजे रोध दुप्पट, ताकद निम्मी. पण भागाकार ह्याच्या डोक्यात शिरायचा कसा?

"तुझ्या खांद्यावर दुसरा पैलवान बसवला, तर कुस्ती डबल हुती काय रं?"

पठ्ठ्या विचार करत बसला. म्हणाला, "वस्तादांना विचारून सांगतो!"

*

शाहूवाडीचे एक पावणे माझ्याकडनं दुरुस्त करून नेलेली विजेची शेगडी आपटत म्हणाले, "तुमच्या शेगडीवर सांजचा भात शिजत न्हाय!"

दुकानात लावली, तर लालबुंद! दीर तरी बाकड्यावरनं उठलेच. "सापडली चूक!"

मी विचारलं, "पावणं, तुमच्या गावात सांजचा बल्ब कसा जळतो?"

"त्यो लागलाय का न्हाय, ते काडी वडून बघावं लागतंय की!"

व्होल्टेज निम्मं झालं की ताकद पाव. कायद्यात ते दोनदा येतं ना! दीर परत बसले.

*

मग दिरांच्याच शेगडीची कॉइल तुटली. माझ्याकडं आणतील कशाला? निम्मी तार टाकून दिली, उरलेली ताणून बसवली आणि सकाळीच बोंबलत आले.

"वैनी, सापडली चूक! निम्म्या तारंवर पाणी दुप्पट बिगीनं उकळलं! अन् तू लोकांना अख्खी तार घालतीस? तार निम्मी, बिल बी निम्मं! आण कुलूप!"

सगळी गल्ली गोळा झाली.

"भावजी, मीटरची चकती बघितलीसा काय?"

"चकती कशाला बघू?"

तेवढ्यात समोरच्या माडीवरनं जाऊबाई ओरडल्या, "अवो, मीटर भिंगरीगत फिरायलाय! अन् वायरीतनं धूर निघालाय!"

भावजी असे पळाले, की चपला माझ्या पायरीवरच राहिल्या.

मी त्या उचलल्या, पुसल्या आणि शोकेसमध्ये मांडल्या.