चार घरांच्या चपात्या

अंबरनाथला बुवापाड्यात, एका चाळीच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत, मी आठवड्यातून चार दिवस संध्याकाळी सहावीच्या मुलींना इंग्रजी शिकवते. अकरा मुली, एक फळा आणि आवाज करणारा एक पंखा.

मी शिकले उल्हासनगरच्या इंग्रजी शाळेत. तिथे रिलेटिव्ह क्लॉज म्हणजे व्याकरणाच्या पुस्तकातलं एक पान होतं. दोन वाक्यं दिलेली असायची, ती 'हू' किंवा 'विच' घालून जोडायची. मला ते पान आवडायचं, कारण त्यासाठी तोंड उघडावं लागत नसे. इथेही मी तसंच शिकवायला गेले, तर मुली माझ्याकडे अशा बघायला लागल्या जणू मी वीजबिलाची मागची बाजू वाचून दाखवतेय.

वाट त्यांनीच दाखवली. या मुली चहाडी करताना सहसा नाव घेत नाहीत. "टीचर, ती आहे ना, टाकीजवळ राहते ती, जिनं काल नवीन बॅग आणली ती, ती माझी पेन्सिल देत नाही." सगळ्यांना बरोबर कळतं कोण ते. मग मी खेळ केला: नाव न घेता एका माणसाबद्दल 'हू' घालून वाक्य सांगायचं, बाकीच्यांनी ओळखायचं. दहा मिनिटांत अख्खी चाळ इंग्रजीत आली. बॉल परत न देणारे काका आले, नळावर दोन हंडे जास्त भरणारी बाई आली. शेवटी मागच्या बाकावरून एकीनं सांगितलं, "धिस इज द टीचर हू टॉक्स टू द फॅन."

हसून मुली बाकावर आडव्या झाल्या. मला वाटायचं, बोलताना मी वर पंख्याकडे बघते हे कुणाच्या लक्षात येत नसेल. मीही हसले, बहुतेक पहिल्यांदाच त्यांच्यासमोर.

त्या आनंदात मी गृहपाठ दिला: घरातल्या माणसांवर अशीच पाच वाक्यं. वर्गातली सगळ्यात शांत मुलगी निघताना दारात थांबली.

"टीचर, खरं लिहायचं?"

"खरंच लिहायचं. खोटं लिहिलं तर ओळखणार कसं?"

दुसऱ्या दिवशी तिची वही उघडली आणि मी उभ्या उभ्याच वाचली. माझी आई ती बाई आहे जी बदलापूरच्या चार घरांत चपात्या करते. ती ती बाई आहे जिचे हात रात्री गरम असतात. इंग्रजी साधंच, एक 'द' राहिलेला. पण अकरा वह्यांमध्ये असं वाक्य दुसरं नव्हतं. मी फोटो काढला आणि पालकांच्या ग्रुपवर टाकला. खाली 'व्हेरी गुड' आणि टाळ्या. पाच-सहा अंगठे आले. आमच्या पालकांपैकी इंग्रजी वाचणारं जवळजवळ कुणी नाही. टीचरनं टाकलंय म्हणजे चांगलंच, असा तो अंगठा असतो.

त्याच संध्याकाळी, वर्ग सुटून मुली घरी गेल्यावर, तिची आई आली. खांद्याला कापडी पिशवी, चपला न काढता उंबऱ्याबाहेरच उभी.

"टीचर, तो फोटो काढून टाकता येईल का?"

"काही चुकलं का?"

"पोरीचं नाही चुकलं. तिनंच सांगितलं मला, काय लिहिलंय ते. मी घरी कंपनी सांगितलीय. एमआयडीसीत, पॅकिंगला. सासरे गावाकडं असतात, बारवी धरणाच्या अंगाला. घरची सून दुसऱ्याच्या घरात चपात्या लाटते हे कळलं ना, तर घरी बसवतील मला. मग हिची शाळा पण गावची." ती एका दमात बोलली आणि मग तिनं जिन्याकडे बघितलं. "आमच्या वन्सं पण आहेत त्या ग्रुपवर. त्यांची मुलगी तुमच्याकडंच येते ना."

फोन काढून मी फोटो सगळ्यांसाठी डिलीट केला. तिनं वाकून स्क्रीन बघितली.

"आता हे काय आलं?"

"मेसेज डिलीट केला, असं दिसतं."

"म्हणजे काहीतरी होतं, हे कळणारच की!"

मी तिला आत बसवलं, पाणी दिलं. आणि जे मी कुणालाच सांगत नाही ते सांगितलं. माझी आई घरी जीन्सचे धागे कापायची. उल्हासनगर कॅम्पमधल्या कारखान्यातून गठ्ठे यायचे, आमच्या अंथरुणावर निळा भुसा असायचा. शाळेत मी सांगायचे, आमचा गारमेंटचा बिझनेस आहे. दहावीपर्यंत एकाही मैत्रिणीला मी घरी आणलं नाही.

तिनं विचारलं, "धाग्यानं बोटं कापतात ना हो?"

"कात्रीनं. घट्टे पडतात."

"तेच ते," ती म्हणाली आणि पाणी प्यायली.

दुसऱ्या दिवशी वर्ग सुटायच्या वेळी तिच्या वन्सं, म्हणजे मुलीची आत्या, वर आल्या. फोन हातातच.

"टीचर, आमच्या भाचीच्या वहीचा फोटो टाकला आणि काढला पण? काही भलतंसलतं लिहिलं होतं का तिनं?"

"नाही हो, चांगलं लिहिलंय."

"मग काय लिहिलंय ते सांगा ना. आमच्या कार्टीला विचारलं तर म्हणते, मी बघितलंच नाही."

आत्याची मुलगी दप्तराची चेन उघडबंद करत होती. दोघी एकाच बाकावर बसतात; तिनं ती वही माझ्याही आधी वाचली होती, हे मला माहीत होतं. शांत मुलगी फळ्याजवळ डस्टर धरून उभी. तिची शाळा, तिच्या आईचं काम, सगळं आता मी काय बोलते त्यावर होतं. मी पंख्याकडे बघितलं नाही.

"तिनं लिहिलंय की तिची आई चपात्या छान करते."

आत्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. मग भाचीकडे. मग हसल्या.

"एवढंच? हे तर मी इंग्रजी न शिकता सांगितलं असतं. खातो ना आम्ही दर रविवारी." त्यांनी फोन पदराआड घातला. "चला गं दोघी. अंधार पडायच्या आत घरी."

त्यांना काय कळलं आणि काय नाही, मला आजही सांगता येणार नाही.

बाकीच्या उतरल्या, पण ती शांत मुलगी जिन्यावरून परत आली. "टीचर, तुम्ही खोटं सांगितलं?"

"अर्धं सांगितलं."

"अर्धं चालतं?"

"कुणाकुणाला सांगताना चालतं."

तिनं वही पुढे केली. "हे पान फाडू?"

मी नको म्हटलं. राहिलेला 'द' लाल पेननं घातला, बरोबरची खूण केली आणि खाली मराठीत लिहिलं: वाक्यं खरी आहेत. हे पान आपल्या तिघींचं.

सोमवारी वही परत आली. माझ्या ओळीखाली तिच्या आईची सही होती. एरवी ती नुसतं आडनाव गिरवायची. या वेळी पूर्ण नाव होतं, सावकाश काढलेलं, आणि कागदाच्या कडेला कणकेच्या बोटाचा एक वाळलेला ठसा.