आत्याच्या धवल्यांचं फोल्डर

शहापूरला माझा कॉम्प्युटर क्लास आहे. तिथल्या सगळ्या मशिन्सवर लिनक्स चालतं आणि त्यावरून मी कुणाशीही भांडायला तयार असते. "फुकटची सिस्टीम टिकेल का हो?" असं एखाद्या पालकाने विचारलं की माझं डोकं फिरतं. कचऱ्यात निघालेल्या मशिन्स मी जिवंत केल्यात आणि त्या अजून धावताहेत. मला या कामातलं कळतं, आणि कळतं म्हणायला मी लाजत नाही.

आत्या मुरबाडच्या पलीकडे, म्हशाच्या वाटेवरच्या गावात राहते. ती धवलारीण. आमच्याकडे मांडव घालण्यापासून नवरी पाठवण्यापर्यंत प्रत्येक विधीला एकेक धवला म्हणतात, आणि धवला म्हणणाऱ्या बाईशिवाय लग्न पुढे सरकत नाही. आत्याचा आवाज जाडाभरडा होता, पण ती हळदीचा धवला म्हणायला लागली की माझ्यासारख्या कोरड्या बाईलाही भरून यायचं.

एका लग्नात कुणीतरी तिचा धवला फोनवर घेतला, त्याला बँजोचा ठेका लावला आणि नेटवर सोडला. नंतरच्या हळदीत तोच डीजेवर वाजला. आत्या तेव्हापासून बिथरली. मांडवात शिरली की आधी एक सूप मागायची, सगळ्यांचे फोन त्यात गोळा करायची, वर टॉवेल टाकायची आणि मगच तोंड उघडायची. भटजीबुवांचा फोनसुद्धा सुपात. त्यांची काय बिशाद नाही म्हणायची!

धवले जायचे होते तिच्या सुनेकडे. ती वाशिंदला एका कारखान्यात पॅकिंगला आहे, पाळी सांभाळून सासूकडे येणं जमत नव्हतं. आत्या थकत चालली होती आणि सुनेला जेमतेम दोन धवले येत होते. शेवटी आत्यानेच मला बोलावलं.

"तुज्या त्या मशीनमदून हिला पाठवता येल काय गो? पन मदी कुनी ऐकायचं नाय. कुनी म्हंजे कुनी."

अशी अट म्हणजे माझ्यासाठी सणच. क्लाउडवर साठवण देणाऱ्या बऱ्याच कंपन्या लिनक्सवाल्यांना सावत्र लेकरांसारखं वागवतात. पण मी शोधून अशी एक काढली जी आमच्या सिस्टीमवर नीट चालते आणि जिथे फाईलला कुलूप आपल्याच मशीनवर लागतं. तिकडे जातो तो नुसता बंद डबा. किल्ली दोनच ठिकाणी, माझ्या लॅपटॉपवर आणि वाशिंदच्या खोलीत मी बसवून दिलेल्या जुन्या मशीनवर. फोल्डर एकच. एकीकडे ठेवलं की दुसरीकडे आपोआप दिसतं.

आत्याला असं सांगून पटणार नव्हतं. मी तिकडे गेलेली एक फाईल किल्लीशिवाय उतरवून घेतली आणि तिच्यासमोर वाजवायला लावली. वाजली नाही. परत लावली, नाही वाजली.

"कंपनीचा मालक आला तरी?"

"त्यालासुद्धा नाही."

"आन् तुला तर येतंय ऐकू."

"मग मी कान बंद करून रेकॉर्डिंग करू का?"

ती हसली. "तू ऐक. तुला सूर कुठं हाय? तू काय म्हननार!"

भाच्यांमध्ये एवढा अपमान फक्त मीच करून घेते. पण मांडवाशिवाय धवला म्हणायचा कसा, म्हणून आत्याने पडवीच्या कोपऱ्यात उंबराची फांदी रोवली आणि तिच्यासमोर बसून एकेक धवला म्हटला. एकदाही अडखळली नाही. मी घरी जाईपर्यंत वाशिंदला सून ऐकतही असायची.

सगळे धवले झाले. काही महिने गेले आणि आत्याला झटका आला. जीव वाचला, उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. ती दवाखान्यातून घरी आली तेव्हा मला वाटलं, तिला तिचाच हळदीचा धवला ऐकवावा. तिच्या खाटेशी बसून लॅपटॉप उघडला. हळदीचा धवला नव्हता. मांडवाचा नव्हता. तेलवणाचा नव्हता. भरलेल्या फोल्डरमध्ये दोनचार फाईली उरल्या होत्या. तिला आता पुन्हा म्हणता येणार नव्हतं.

नोंदी तपासल्या. फाईली वाशिंदच्या मशीनवरून काढल्या होत्या. तिथून गेल्या म्हणजे माझ्याकडूनही गेल्या, सिंकचं कामच ते. अंगणात जाऊन सुनेला फोन लावला आणि तोंड सोडलं. काय काय बोलले ते सांगत नाही. तिने सगळं ऐकून घेतलं.

"ताई, पाठ झालं तसं काढलं मी. आपल्या घरात तसंच हाय ना? आईंच्या सासूनं त्यांना धवला दिला, का परत सोता नाय म्हटला. गळ्यात आला का देनाऱ्यानं गप बसायचं. आई गप बसतील, पन मशीन बसल का गप? म्हनून एकेक पाठ केला आन् काढला."

मला हे माहीत होतं. लहानपणी पाहिलंही होतं, आत्याची सासू मांडवात नुसती बसलेली आणि आत्या म्हणतेय. पण फाईलला हा नियम लागतो हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. मला वाटत होतं फोल्डर रिकामं होतंय, आणि तिकडे सून भरत होती.

तरी मी सहजासहजी हार मानणारी नाही. काढलेल्या फाईली काही महिने कंपनीच्या कचरापेटीत राहतात. मी पाहिलं, सगळ्या होत्या. एक बटण दाबायचं, सगळे धवले परत. उद्या सून विसरली तर? तिचा घसा बसला तर? मी आत जाऊन आत्यासमोर स्क्रीन धरली, झालेलं सगळं सांगितलं आणि विचारलं, "परत आणू?"

तिने डावा हात उचलला आणि लॅपटॉप बंद केला. मला राग आला. तिच्या नियमाचा आला, तिच्या हट्टाचा आला, आणि सर्वात जास्त तिचा आवाज आता जाणार याचा आला. "तू फार हट्टी आहेस," मी म्हटलं आणि तिथेच रडले. पण बटण दाबलं नाही.

उन्हाळ्यात उंबरमाळीजवळ नात्यातलं लग्न निघालं. आत्याला जीपने नेलं, मांडवात खुर्चीवर बसवलं. सुनेने फोन गोळा केले आणि सुरुवात केली. तिचा आवाज आत्यापेक्षा बारीक, पण चाल तीच, श्वास घ्यायच्या जागा त्याच. मी एकेका विधीला धास्तावून बसत होते आणि ती पुढे जात होती. पाठवणीच्या धवल्याला नवरीची आई रडली, करवल्या रडल्या. सून एका शब्दालाही थांबली नाही. आत्या डोळे मिटून बसली होती, तोंडावर समाधान होतं. मला तेव्हा फार अभिमान वाटला, दोघींचा आणि थोडा माझाही.

दोन दिवसांनी क्लासमध्ये सहज फोल्डर उघडलं. कंपनीची कचरापेटी मुदत संपून रिकामी झाली होती. फोल्डरमध्ये एकच फाईल होती, पाठवणीची. मी ती वाजवली. आत्याचा तो जाडाभरडा आवाज, शेवटी तिचा खोकला आणि "झालं गो, बंद कर" एवढं सगळं. मी वाशिंदला फोन लावला.

"पाठवणीचा काढायचा राहिला बघ तुझा."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"तो अजून पाठ नाय झाला, ताई."

"बरं," मी म्हटलं. "सावकाश होऊ दे."