दोन महागडे, दोन सस्ते

वर्ध्यातल्या टायरच्या दुकानात शिरल्याबरोबर कांताबाईला खुर्ची मिळाली आणि तिथंच तिचं डोकं फिरलं. खुर्ची चांगली होती, फडक्यानं पुसून दिली होती, सोबत थंड पाण्याचा ग्लासही आला. पण ती ठेवली होती पार भिंतीजवळ, ऑइलच्या डब्यांच्या बाजूला. म्हणजे म्हाताऱ्या बाईनं तिथं बसावं, पंख्याचा वारा खावा आणि इकडं माणसांचं बोलणं होऊ द्यावं. दुकानदार ऋतिक तिशीतला, बोलायला मोठा गोड. "आजी, आरामात बसा," म्हणाला आणि जो पाठ करून वळला तो तिच्या पोराकडं, अश्विनकडं.

आता त्या ऋतिकला काय माहीत, की ज्या बाईला त्यानं भिंतीला लावलं तिची बावीस वर्षं टायर लोटण्यातच गेली होती.

कांताबाईचा नवरा रामाजी एसटीच्या डेपोत मेकॅनिक होता. काविळीनं गेला तेव्हा अश्विन चौथीत होता. नवऱ्याच्या जागी नोकरी मिळाली ती सातवी शिकलेल्या कांताबाईला, हेल्पर म्हणून. डेपोतल्या साहेबांना वाटलं, बाई आहे, झाडू मारेल, चहा आणेल. पंधरा दिवस तिनं तेच केलं. मग टायर सेक्शनमधला एक गडी रजेवर गेला आणि बस तर अडून बसलेली. कांताबाईनं पदर खोचला, बसचा टायर उभा केला, मांडीनं रेटला आणि गडगडत नेऊन बसजवळ टेकवला. माणसं आधी हसली, मग त्यांनी वाट सोडली. तेव्हापासून रिटायर होईपर्यंत ती टायर सेक्शनलाच.

कोणता टायर कोणत्या बसला, किती किलोमीटर धावला, घासल्यावर त्याच्यावर नवं रबर चढवून किती वेळा रिमोल्ड केला, हे सगळं रजिस्टरात असायचं, आणि कांताबाईच्या डोक्यातही असायचं. तळहात फिरवला की तिला कळे, बस कोणत्या बाजूला ओढते. आणि एक नियम तर तिच्या हाडात बसला होता. नवा टायर समोर, रिमोल्ड मागं. एकदा एका ड्रायव्हरला घाई होती, म्हणाला समोर रिमोल्डच लावा, चालून जाते. कांताबाई बसच्या तोंडासमोर जाऊन उभी राहिली ती नवा टायर लागेपर्यंत हललीच नाही. ड्रायव्हर शिव्या देत होता, प्रवासी खिडकीतून पाहत होते. तिला काही वाटलं नाही.

तर अशी ही बाई त्या दिवशी पंख्याखाली बसून होती, आणि तिच्या समोर गाडीचा व्यवहार चालला होता. गाडी त्यांच्या समुद्रपूरच्या घरची, जुनी घेतलेली, पण ठेवलेली बरी. तिचे टायर पार गुळगुळीत झाले होते. गाडीचं कर्ज माधवीच्या नावावर, हप्ता माधवीच्या पगारातून. माधवी म्हणजे अश्विनची बायको, सेवाग्रामच्या दवाखान्यात नर्स. समुद्रपूरहून रोज ड्युटीवर जायचं नि यायचं म्हणजे शंभराच्या घरात किलोमीटर होतात. अश्विन कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर आहे, तो मोटरसायकलनं जातो. गाडी त्याच्या हातात येते रविवारी. पण गाडीबद्दल बोलणं निघालं की ती अश्विनची होते, हे कसं काय होतं ते त्यालाच ठाऊक.

पुढच्या महिन्यात हिंगणघाटला त्याच्या मावसभावाचं लग्न होतं. तिथं गाडी जरा दिसायला पाहिजे, म्हणून अश्विनला अलॉय व्हील पाहिजे होते, चकाकणारे, पाच-पाच पात्यांचे. काळ्या लोखंडी रिमा त्याला बघवेनात. माधवीला पगाराची थकबाकी मिळाली होती, ती त्यानं यासाठीच ठरवून ठेवली होती. अलॉय पसंत झाले, मापही जुन्या रिमांचंच होतं. पण त्यांचीच किंमत अशी, की टायरसाठी उरलं थोडंसंच. ऋतिकनं लगेच एक टायर काढून आणला. नाव कोणी ऐकलेलं नव्हतं. म्हणाला, सर, नावाचे पैसे काऊन द्यायचे, रबर सगळं सारखंच, आणि हा तर त्या महागड्यापेक्षा जास्त चालते.

कांताबाई खुर्चीवरून उठली. टायरवर तळहात फिरवला, अंगठ्याचं नख रुतवून पाहिलं. नख रुतलं नाही. बाजूला कंपनीचा महागडा टायर होता, त्यात रुतलं. तिनं ऋतिकला सांगितलं, हा जास्त चालते कारण हा कडक आहे, आणि कडक आहे म्हणून ओल्या डांबरावर हा धरत नाही. ऋतिक हसला. आजी, आता टेक्नॉलॉजी बदलली, म्हणाला, आणि पुन्हा अश्विनकडं वळला. अश्विनही हसला. परक्याच्या हसण्याचं एवढं नाही, पण पोटच्या पोरानं त्यात साथ द्यावी, हे कांताबाईला फार लागलं.

"अश्विन," ती म्हणाली, "चाक पाहणारे लोक बाहेर उभे राहतात. टायरवर बसून माधवी जाते. तुले बाहेरच्याईचं पडलं हाय काय?"

दुकानात आणखी दोन गिऱ्हाईकं होती, त्यांनी माना वळवल्या. अश्विनचं तोंड पडलं. लाजेनं म्हणा की चिडून म्हणा, तो ऋतिकला म्हणाला, काहीतरी मधला मार्ग काढ. मधला मार्ग ऋतिकच्या जिभेवरच होता. दोन टायर महागडे लावू, दोन सस्ते. आजीचंही राहिलं, सरांचंही राहिलं.

कांताबाईला पटलं नव्हतं, पण चारातले दोन तरी सुटले असं तिला वाटलं. मग तिनं हुकूम सोडला, चांगले समोर लावा. चाकं बसवायला अण्णाजी होता, पन्नाशीचा, हाताची नखं कायमची काळी. तो पान्ना खाली ठेवून म्हणाला, बाई, माझं ऐकाल तर. कांताबाईनं त्याला पुढं बोलूच दिलं नाही. "बावीस वर्षं एसटीत टायर लावले जी मी. समोर म्हणजे समोर." अण्णाजीनं पान्ना उचलला.

चार चाकांखाली चार लिंबं ठेवली गेली. गाडी पुढं घेतली, लिंबं फुटली, ऋतिकनं पेढा दिला. कांताबाईच्या घरी हे काही करत नाहीत, पण दुकानाच्या रिवाजाला ती काही बोलली नाही. जुन्या रिमा ऋतिक भंगार म्हणून ठेवून घेणार होता. त्या मात्र तिनं डिकीत टाकायला लावल्या. अश्विननं चाकांचा फोटो काढून माधवीला पाठवला. ड्युटीवरून तिचा अंगठा आला. झालं, तिला विचारणं झालं.

पंधरा-वीस दिवसांनी दुपारी अवकाळी पाऊस आला. फार नाही, रस्ता ओला होईल एवढाच. माधवी ड्युटी करून परत येत होती. जाम गावाच्या अलीकडं एक वळण आहे, तिथं शेळ्या रस्त्यावर आल्या. तिनं ब्रेक लावला. समोरचं थांबलं, पण मागचं थांबेना. गाडीचा मागचा भाग आपल्या मनानं पुढं यायला निघाला, गाडी भोवऱ्यासारखी फिरली आणि जिकडून आली तिकडं तोंड करून उभी राहिली. मागून येणारा मोटरसायकलवाला बाजूच्या मातीत उतरला म्हणून वाचला. कोणाला काही लागलं नाही. शेळ्या गेल्या. माधवी स्टिअरिंग धरून बसली होती, तिला हात सोडता येईनात. शेळ्यांवाल्या बाईनं काचेवर थापटून तिला पाणी दिलं.

घरी येऊन तिनं हे चटकन सांगितलं नाही. हातपाय धुतले, चहा मांडला, आणि चहा उतू गेला तेव्हा रडली.

अश्विननं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं काय, तर चाकांना ओरखडा नाही ना आला. हे त्याच्या तोंडून निसटलं असेल, म्हणून सोडून देता आलं असतं. पण वरतून तो म्हणाला, तू ब्रेक जोरात मारला असशील. ज्या पोरीचा तीन वर्षांत एकदाही कोणाला धक्का लागला नाही, रात्रपाळी करून पहाटेच्या अंधारात जी गाडी आणते, तिला हा रविवारचा ड्रायव्हर ब्रेक शिकवत होता. कांताबाईच्या हातात ताट होतं. तिनं ते ठेवलं ते असं वाजलं, की शेजारच्या घरातला टीव्ही बंद झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ती एकटीच वर्ध्याला गेली. दुकान उघडत होतं. तिनं ऋतिकला पायरीवरच गाठलं आणि जे बोलायचं ते सगळं बोलली, रस्त्यावरची माणसं थांबतील असं. ऋतिकनं गोड बोलणं सोडलं नाही. टायरमध्ये खोट नाही, म्हणाला, लेडीज लोकांचा ब्रेकवर पाय जरा भारी असतो. हे बोलून तो आत जाऊन अगरबत्ती लावायला लागला. लेडीज लोकांचा पाय. कांताबाईला वाटलं, तिथला एक टायर उचलावा आणि याच्या काउंटरवर ठेवावा.

अण्णाजीनं तिला कंप्रेसरजवळ बोलावलं. हळू आवाजात बोलला. बाई, तुमची एसटी वेगळी. तिला मागं जोडीनं चाकं असतात, एकानं दगा दिला तर दुसरं असते, आणि वजन केवढं. ही लहान गाडी मागून हलकी. समोरचे टायर घसरले तर ड्रायव्हरले स्टिअरिंगमध्ये समजते, माणूस सावरते. मागचे घसरले तर काही सांगत नाहीत, गाडी फिरूनच जाते. दोनच चांगले असतील तर ते मागं लावाचे. खरं तर चारही सारखेच पाहिजे, पण त्या दिवशी ते कोण ऐकत होतं.

"मंग त्या दिवशी काऊन नाई सांगतलं?" ती म्हणाली.

अण्णाजीनं बाजूचा पान्ना उचलला आणि पुन्हा खाली ठेवला, त्या दिवशी ठेवला होता तसाच. कांताबाईला आठवलं. तिनं मान खाली घातली.

परतीच्या बसमध्ये तिला खिडकी मिळाली होती, पण बाहेर काय गेलं ते तिला दिसलं नाही. राग तर तिला अख्खा चढलेला होता, फक्त आता तो कोणावर काढायचा हे सापडत नव्हतं. ऋतिक चोर, पोरगा दिखाऊ, ते खरंच होतं. पण पान्ना हातात घेऊन जाणकार माणूस बोलायला गेला, आणि त्याला गप्प कोणी केलं? डेपोतल्या माणसांनी तिला आधी जसं केलं होतं, तसंच तिनं त्याला केलं. आणि सस्ते टायर माधवीच्या पाठीमागं लावायला तिनंच सांगितलं. चांगल्या मनानं सांगितलं, हे त्या वळणाला काय कळणार.

माधवी अंगणात कपडे वाळत घालत होती. कांताबाईनं चप्पल काढायच्या आधीच सगळं सांगून टाकलं, समोरचं-मागचं, अण्णाजीचं, स्वतःचं. चूक माझीच झाली म्हणाली. तिला वाटलं पोरगी म्हणेल, जाऊ द्या आई. माधवीनं ओला टॉवेल पिळला, झटकला, दोरीवर टाकला.

"आई, तुम्ही भांडल्या, अश्विन भांडला, त्या दुकानवाल्यानं वाटणी करून देली," ती म्हणाली. "गाडी रोज मी चालवते. मले एकानंही विचारलं काय?"

माधवी काही ओरडून बोलली नव्हती, म्हणून ते कांताबाईला जास्तच लागलं.

सुटीच्या दिवशी माधवीनं जुन्या काळ्या रिमा टिनाच्या खोलीतून काढल्या, डिकीत भरल्या, आणि सासूला म्हणाली, चला. अश्विन दारात उभा राहून लग्नाचं बोलला, लोक काय म्हणतील ते बोलला. तिनं गाडी सुरू केली. दुकानात कांताबाईला पुन्हा खुर्ची पुढं आली, ती तिनं माधवीला देऊ केली, माधवीही बसली नाही. अलॉय परत घ्या, म्हणाली, निम्मे पैसे कापा, पण त्या दोन महागड्यांच्या जोडीचे आणखी दोन टायर द्या, आणि हे चारही या काळ्या रिमांवर चढवा. ऋतिकनं डोकं खाजवलं. तो म्हणाला, मॅडम, एकदा सरांना फोन लावून विचारून घ्याल का.

कांताबाईचं तोंड उघडलं होतं. तिनं ते बंद केलं. किती कष्टानं बंद केलं ते तिचं तिलाच माहीत.

माधवीनं पर्समधून गाडीचं आरसी काढलं आणि काउंटरवर ठेवलं. "यावर कोणाचं नाव हाय ते वाचा, भाऊ," म्हणाली.

ऋतिकनं वाचलं की नाही कोण जाणे, पण अण्णाजीला हाक मारली. अण्णाजीनं चाकं काढली. या वेळी समोर कोणते नि मागं कोणते, हा प्रश्नच नव्हता. कांताबाई त्याच्या बाजूला उकिडवी बसून नट हातात देत राहिली.

अश्विन हिंगणघाटच्या लग्नाला गेला तो मोटरसायकलनं. काळ्या रिमांच्या गाडीतून उतरायला त्याला लाज वाटली म्हणे. कांताबाईनं ते मांडवात चार बायकांसमोर सांगितलं, मुद्दाम, तो ऐकेल एवढ्या आवाजात. त्याच्यावरचा तिचा राग अजून गेलेला नाही, आणि जावा असंही तिला वाटत नाही.

कारण आता टायर चारही चांगले आहेत, तरी जामच्या त्या वळणावर माधवीचा पाय आपोआप ब्रेकवर जातो. आभाळ स्वच्छ असलं, रस्ता कोरडा असला तरी जातो. मागून गाड्या हॉर्न वाजवतात, एखादा काच खाली करून बोलूनही जातो. कांताबाई बाजूला बसलेली असते तेव्हा तिला हे दिसतं. ती माधवीला काही म्हणत नाही. काच खाली करून त्या बोलणाऱ्याला मात्र सोडत नाही.