रॉनच्या पुंगळ्यांचं वाण

काडतुसाची पुंगळी मापापेक्षा लांब झाली, तर बंदूक हातातच फुटू शकते. ही माहिती मला कॅनडात हॅमिल्टनमधल्या आमच्या शेजाऱ्याने, रॉनने, ड्राइव्हवेतला बर्फ उपसता उपसता दिली. झाडलेल्या पितळी पुंगळ्या पुन्हा भरून तो क्लबात नेमबाजी करायचा. बार उडाला की पितळ थोडं ताणलं जातं, म्हणून प्रत्येक पुंगळी मोजायची आणि लांब भरली तर तोंडाशी कातायची. मी पोलादाच्या कारखान्यात मापं तपासणारा! (बायको, सुमन, याला 'फूटपट्टी धरणं' म्हणते.) म्हटलं, "रॉन, लीव्ह इट टु मी!"

मग रोज संध्याकाळी मी बेसमेंटमध्ये. पुंगळीला व्हर्निअर लावायचा, रॉनच्या हातयंत्रात धरून फिरवायची, जरासा कीस काढायचा, पुन्हा मोजायची. शेवटी सगळ्या घासूनपुसून ताटात वाळत ठेवल्या. या नादात संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं वाण आणायला मी साफ विसरलो.

शनिवारी ग्रोसरी घेऊन आलो, तर बायका निघायच्या बेतात आणि प्रत्येकीच्या हातात रॉनची एकेक पुंगळी!

"भावजी, उदबत्तीची घरं काय सुरेख केलीत हो!" दामलेवहिनी म्हणाल्या.

"हे वाण विसरले की काय म्हणून मी धास्तावले होते," सुमन फुलून सांगत होती, "तर खाली ताटभर तयार! स्वतःच्या हाताने केलीत यांनी!"

बायकोने चारचौघींत माझं कौतुक पहिल्यांदाच केलं होतं. ते खरं बोलून घालवू? वर मीच म्हणालो, "अगदी मापात आहेत!"

तेवढ्यात दारात रॉन. "हाय! आर माय केसेस रेडी?... ओ, देअर दे आर!"

"युअर केसेस? फॉर व्हॉट?" दामलेवहिनींनी विचारलं.

"फॉर माय रायफल, मॅम!"

"अगंबाई, काडतुसं! देवापुढे ठेवणार होते मी!"

"मग देऊन टाका ना त्याला," मी पुटपुटलो.

"वाण कधी परत करतात का?" सगळ्या एकदम माझ्यावर ओरडल्या. सुमनने हळदीकुंकवाचं तबक टेबलावर दाणकन आपटलं.

तोड दामलेवहिनींनीच काढली. वाण देणारणीला परत करायचं नाही, पण तिसऱ्याला द्यायला काय हरकत आहे? मग एकेकीने रॉनच्या हातावर पुंगळी ठेवली आणि वर तिळगूळ. "टेक दिस अँड स्पीक स्वीट, हं!"

रॉन दोन्ही खिसे भरून घरी गेला. तेव्हापासून तो भेटला की फारच गोड बोलायचा. त्या हिवाळ्यात माझ्याशी गोड बोलणारा तो एकटाच होता!