मोठ्या सिस्टरांचं ‘नेहमीप्रमाणे’

दवाखान्यात त्यांना सगळे मोठ्या सिस्टर म्हणत, अगदी डॉक्टरीणबाईसुद्धा. रक्तदाब तपासायची कोपऱ्यातली खोली म्हणजे त्यांचं राज्य. दंडाला पट्टा गुंडाळता गुंडाळता पेशंटची सून, गुडघे, जावई, सगळ्यांची विचारपूस व्हायची. मग कॉम्प्युटरवर एका बोटाने एकच शब्द उमटायचा, ‘नेहमीप्रमाणे’. आकडा कशाला लिहायचा? तो तर त्यांना पाठ असायचा!

यंदा डॉक्टरीणबाईंनी कॉम्प्युटरलाच विचारलं, की वर्षभरात रक्तदाबाचे किती पेशंट तपासले आणि किती जणांचा आटोक्यात आहे. कॉम्प्युटर पडला अरसिक. चौकटीत आकडा नाही म्हणजे तपासणीच नाही, असं त्याचं म्हणणं. सिस्टरांची वर्षभराची मेहनत गेली पाण्यात. आकडे भरून आले नाहीत, तर ही खोली दुसऱ्या कुणाकडे द्यावी लागेल, असं बाईंनी जपूनच सांगितलं. तरी सिस्टरांच्या नाकाचा शेंडा लाल झाला तो झालाच. कालचं पोर ते डबडं, मला शिकवतंय!

पण खोली जाणं त्यांच्या जिवावर येत होतं. म्हणून त्यांनी एकेकाला फोन करून बोलावलं, पुन्हा मोजलं आणि आकडे भरले. बहुतेकांचे ठीक निघाले, तशी त्यांची मान ताठ होऊ लागली.

शेवटी राहिले घरचेच पेशंट, म्हणजे सिस्टरांचे यजमान. ते दर वेळी बायकोला न्यायला यायचे आणि दारातच बाही वर करून घाई करायचे. यांचं जरा चढलेलंच असतं, जिने चढून येतात ना, असं म्हणून सिस्टर तो शब्द टाकून मोकळ्या व्हायच्या.

आज त्यांना खुर्चीत बसवून, दम खाऊ देऊन मोजलं. एकशे अठ्ठ्याऐंशी.  सिस्टरांनी पुन्हा मोजलं, तरी तेवढंच. आकडा भरताच चौकट लाल झाली. हे कधीपासून वाढत गेलं ते पाहायला त्यांनी मागच्या नोंदी उघडल्या. तिथे खालपासून वरपर्यंत तोच एक शब्द होता.

“मागच्या वेळी किती होतं गं?” यजमानांनी सहज विचारलं.

अख्ख्या गल्लीचे आकडे सांगणाऱ्या सिस्टरांनी पुन्हा एकदा त्या नोंदींकडे पाहिलं. दंडावरचा पट्टा सोडायचंही त्यांना सुचेना.

“मला नाही हो आठवत,” त्या म्हणाल्या, आणि त्यांनी डॉक्टरीणबाईंना हाक मारली.